लेडीज रूममध्ये साठलेलं

कॉलेज सोडलेली चार मुलं कुठे भेटली की त्यांचे किस्से सुरू होतात. कोणी कोणाची हजेरी लावली, कोणी सरांच्या सायकलची हवा सोडली, गॅदरिंगला कोण कसा पडला. हसून हसून दमले की मग त्यांतला एखादा आमच्याकडे वळतो. "तुम्हा मुलींचं काय हो? तुमचं तर काहीच नसेल!"

असं कसं नसेल? फिरणाऱ्या माणसाचे किस्से वाटेत सांडतात. बसवून ठेवलेल्यांचे साठतात. आणि आम्हाला चार वर्षं बसवूनच ठेवलं होतं!

अमरावतीचं आमचं कॉलेज इंग्रजांच्या वेळचं. दगडी इमारत, उंच छत, लांबच लांब व्हरांडा. त्या व्हरांड्याच्या टोकाला लेडीज रूम. दाराला बांबूच्या काड्यांची चीक, खिडकीच्या काचांना आतून चिकटवलेले वर्तमानपत्राचे कागद, पाण्याचा एक माठ आणि चौदा मुली. मी अकोल्याची, जठारपेठेतल्या एका वकिलाची मुलगी. मला पास होऊन दोनच वर्षं झालीत, त्यामुळे माझा राग अजून ताजा आहे. थंड झाल्यावर लिहा, असं आमचे काका म्हणतात. थंड झाल्यावर माणूस कशाला म्हणून लिहील, तेही त्यांनीच सांगावं.

*

नियम असा होता. तासाची घंटा झाली की प्रोफेसर लेडीज रूमच्या दाराशी यायचे आणि खाकरायचे. मग आम्ही एका रांगेत त्यांच्या मागून वर्गात जायचं. तास संपला की पुन्हा त्यांच्याच मागून परत. एखादी व्हरांड्यात एकटी दिसली, तर तिच्या घरी पत्र!

तर्कशास्त्राचे सर स्वभावाने गरीब, पण भारी विसराळू. एकदा ते आले, खाकरले, निघाले. आम्ही चौदाजणी मागून. अर्ध्या वाटेत त्यांना आठवलं की चष्मा घरी राहिला. ते तसेच पायऱ्या उतरले. आम्हीही उतरलो. त्यांनी मैदान ओलांडलं. आम्हीही ओलांडलं. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी हातातला बॉल हातातच धरून ठेवला. सरांचं घर कॉलेजच्या मागेच होतं. काकूंनी दार उघडलं आणि आमच्याकडे पाहतच राहिल्या.

"अगंबाई, आज काय आहे हो?"

सर वळले. आम्ही दिसलो. "तुम्ही इथे कशाला आलात?"

तेव्हा वत्सला पुढे झाली. "सर, तुमच्या मांगं यावं असा नियम हाये. तुमी कुठं जासान, ते नियमात नाई."

काकू पदराआड हसल्या आणि आम्हाला मूठ मूठ फुटाणे दिले. दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली: 'विद्यार्थिनींनी तासाच्या वेळात प्राध्यापकांच्या घरी जाऊन त्यांना त्रास देऊ नये.'

ही वत्सला देशमुख. मोर्शीची. घरची काळी जमीन, संत्र्यांचे बगीचे, गोठा भरलेला. त्या घरातून शिकायला बाहेर पडलेली ती पहिली मुलगी. तिच्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं. आबांनी तिला एकाच अटीवर पाठवलं होतं. "एक तक्रार आली, का पेटी उचलाची अन् घरी याचं." म्हणून त्या नोटिशीत नाव नव्हतं हे पाहून ती बोर्डासमोरच खाली बसली होती. तिला बी.ए. व्हायचं होतं. दुसरं काहीही नको होतं. नुसतं बी.ए.!

*

इंग्रजीचे सर मुलींना प्रश्न विचारत नसत. "उगीच लाजतात आणि वेळ जातो," असं ते मुलांना समजावून सांगत. आमच्यासमोर. आम्ही पहिल्या दोन बाकांवर, म्हणजे त्यांच्यापासून चार हातांवर!

एकदा ते रंगात येऊन शिकवत होते. वत्सला उभी राहिली. मागे मुलांनी पाय आपटायला सुरुवात केली. मुलगी उभी राहिली की पाय आपटायचे, ही त्यांची करमणूक.

"सर, तुमच्या…"

"बसा, मिस देशमुख."

"पण सर…"

"तुम्हाला उत्तर येतं हे मला कळलं. बसा."

ती बसली आणि लगेच पुन्हा उठली. आता सर चिडले. "मिस देशमुख, ही शाळा नव्हे!"

ती बसली. दोन मिनिटांनी मागच्या बाकावरून बापू इंगोले ओरडला, "सर, विंचू! कोटाच्या कॉलरवर!"

सरांनी कोट जो भिरकावला तो थेट फळ्यावर. स्वतः टेबलावर चढले. शिपायाने चपलेने काम उरकलं. सर खाली उतरले, घाम पुसला आणि म्हणाले, "शाब्बास, इंगोले! याला म्हणतात निरीक्षण!"

मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही इतक्या जवळ बसता, तुम्हाला दिसला नाही?"

*

हॉस्टेलवर आमच्या सुपरिंटेंडंट म्हणजे माई. माई पुण्याच्या. वऱ्हाडी कानावर पडली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. 'मुलगी दिसली नाही पाहिजे' हे त्यांचं एकच तत्त्व. वाळत घातलेली साडीसुद्धा रस्त्यावरून दिसली नाही पाहिजे!

टर्ममध्ये एकदा त्या आम्हाला सिनेमाला न्यायच्या. मॅटिनी, तोही पौराणिक. पण पौराणिक सिनेमातसुद्धा राजा राणीच्या जवळ यायचाच. तो दोन पावलं पुढे आला की माई हुकूम सोडायच्या, "मुलींनो, डोळे मिटा!" आणि टॉर्चचा झोत एकेकीच्या तोंडावर फिरवायच्या, कोणाचे उघडे आहेत ते पाहायला. मागची माणसं ओरडायची, "ओ बाई, टॉर्च बंद करा नं!"

एकदा डोळे मिटल्या मिटल्या वत्सला म्हणाली, "माई, तुमचे उघडे हायेत नं? मंग तुमी पाहून घ्या, अन् आमाले सांगा."

बासरी वाजत होती. मी हळूच विचारलं, "काय झालं, माई?"

"काही नाही. लग्न झालं त्यांचं. उघडा डोळे."

आम्हाला आयुष्याबद्दल माईंनी जे काही शिकवलं, ते सगळं यात आलं.

*

अकोल्याला वादविवाद स्पर्धा होती. विषय, 'स्त्रियांना उच्च शिक्षण आवश्यक आहे.' मला वाटलं, हा विषय तरी आमचा! मी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेले. म्हटलं, स्पर्धा माझ्या गावी आहे, उतरायला माझं घर आहे, वत्सलाला आणि मला पाठवा.

साहेब सज्जन होते. कॉलेजातले सगळेच सज्जन होते, तोच तर त्रास होता. ते म्हणाले, "मुलींनीच मुलींची बाजू मांडली तर ती स्वार्थी दिसते. मुलांनी मांडली की तत्त्वाची वाटते."

तेव्हा बापू इंगोले आणि त्याचा एक मित्र गेले. भाषणं कोणी लिहिली? वत्सलाने आणि मी! चार दिवस लेडीज रूमच्या माठाला टेकून. वत्सला म्हणून दाखवायची आणि मी लिहून घ्यायचे. मुलं ढाल घेऊन आली. बापू मुलगा वाईट नव्हता. तो चिकेबाहेर उभा राहून आभार मानायला आला.

"तुमच्यापैकी कोणी यायला पाहिजे होतं हो," तो म्हणाला.

मला बरं वाटलं. म्हटलं, "का रे?"

"तिथे स्वागतगीताला मुली कमी पडत होत्या."

*

वत्सलाच्या पत्रांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मोर्शीच्या त्या घरात मुली वडिलांशी बोलत नसत. भीती म्हणून नव्हे, रीत म्हणून. बोलायचं ते आईशी, आणि आई आबांना सांगणार. आबा समोरच बसलेले असले तरी! वत्सला सुट्टीत घरी गेली की आईला म्हणायची, "आई, आबाले सांग का मी आली." आबा आईला म्हणायचे, "तिले म्हना, जेवून घे."

पत्रंही आईच्याच नावाने जायची. पण आईला वाचता येत नव्हतं. मग आबाच ते पत्र मोठ्याने वाचायचे. आई ऐकायची आणि ऐकून झाल्यावर आबांना सांगायची, "पोट्टी असं म्हंते." जे त्यांनीच आत्ता वाचलं, ते!

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, मार्चच्या परीक्षेला तीन महिने असताना मोर्शीहून पत्र आलं. अंजनगावचं स्थळ ठरलं आहे. गॅदरिंगच्या दिवशी न्यायला येतो, सामान बांधून ठेव. वत्सलाने लिहिलं, 'आई, आबांना सांग, गॅदरिंगनंतर दोन महिने थांबा. परीक्षा झाली की तुम्ही म्हणाल तिथे उभी राहीन.' आठ दिवस ती जेवायला बसायची आणि तशीच उठायची. मग उत्तर आलं. अक्षर आबांचं, सही आईच्या नावाची:

'तुझी आई म्हणते, घरी ये.'

आम्ही ठरवलं, आबा येतील तेव्हा प्रिन्सिपॉलसाहेबांना मध्ये घालायचं. साहेब "हो, हो, बोलतो की!" म्हणाले. माईसुद्धा "मुलगी हुशार आहे, बघू," म्हणाल्या. सगळे सज्जन होतेच.

*

गॅदरिंगचं नाटक आमच्याकडे दुपारी तीनला व्हायचं. मुलींना सातच्या आत हॉस्टेलमध्ये पोचायचं असे म्हणून. नायिका अर्थातच मुलगा! दर वर्षी बापू इंगोले. साड्या आमच्या, बांगड्या आमच्या, पिना आमच्या. वर तो चालत कसा होता? बैल पोळ्याला निघाल्यासारखा! म्हणून वत्सलाने माईंकडे परवानगी मागितली: प्रॉम्प्टिंग करायची, आणि बापूला चालायला शिकवायची.

माईंनी विचार केला. "विंगमध्ये उभी राहिलीस तर प्रेक्षकांना दिसशील का?"

"नाई."

"मग हरकत नाही."

तालमी पंधरा दिवस चालल्या. वत्सला एका टोकाला, बापू दुसऱ्या टोकाला, मध्ये खुर्ची टाकून माई. "बापू, पाय उचलू नको. जमिनीले सांगत सांगत चाल," ती म्हणायची. "अन् बापाशी बोलतानी मान खाली नोको घालू. ही नाटकातली पोरगी हाये, माह्यासारखी नाई." पंधरा दिवसांत तिला सगळं नाटक पाठ झालं. बापूला झालं नाही.

आणि गॅदरिंगच्या दिवशी दुपारी बारा वाजता बापूचा घसा बसला! सकाळपर्यंत ठीक होता. बारा वाजता तोंड उघडलं तर नुसती हवा. ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. प्रिन्सिपॉलसाहेब घामाघूम. पाहुणे स्टेशनवर उतरलेले. मी म्हटलं, "सर, वत्सलाला सगळं पाठ आहे. तिला उभी करा."

"स्टेजवर? मुलगी?" साहेबांनी अशी मान हलवली की मीच काही घाण बोलले असावे.

तोडगा माईंनी काढला. बापूने साडी नेसून स्टेजवर तोंड हलवायचं. माइक विंगमध्ये न्यायचा. बोलायचं वत्सलाने. "दिसणार नाही ना? मग हरकत नाही."

वत्सला माझा हात धरून म्हणाली, "आबा समोर बसून राह्यले अशीन. आवाज वळखला तं?"

मी म्हटलं, "ओळखला तर बरंच होईल."

*

तीन वाजता पडदा उघडला. आबा तिसऱ्या रांगेत होते. पांढरा फेटा, खांद्यावर उपरणं. आजूबाजूला बाकीचे पालक. मुली डावीकडे कनातीच्या आड, म्हणजे आबांच्या दृष्टीने वत्सला तिथेच असणार.

मी विंगमध्ये वत्सलाशेजारी वही धरून उभी होते. तिने वहीकडे एकदाही पाहिलं नाही. पहिली काही वाक्यं तिचा आवाज कापत होता. मग मोकळा झाला. चार वर्षं मी तिच्या खोलीत राहिले, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. खणखणीत, मोठा, हॉलच्या शेवटच्या भिंतीला जाऊन लागणारा. बापू एक-दोनदा चुकला. नायिका रागाने बोलत असताना त्याला खोकला आला, तो खोकला आणि बोलणं एकदमच चाललं! कोणाच्या लक्षात आलं नाही. मुलांनीसुद्धा पाय आपटले नाहीत.

तिसऱ्या अंकात नायिका बापाला सांगते, की मला न विचारता माझं लग्न ठरवलंत, मी ते करणार नाही. वत्सला ते बोलली तेव्हा मी पडद्याच्या फटीतून आबांकडे पाहिलं. आबा उपरण्याने डोळे पुसत होते! शेजारच्या माणसाला म्हणाले, एवढं मोठ्याने की मला विंगमध्ये ऐकू आलं:

"खरं बोलून राह्यली नं पोरगी! बाप कसा हाये पाहा तिचा. दगड!"

सगळ्यांत आधी टाळी त्यांनीच वाजवली.

मग बक्षिसं. उत्कृष्ट स्त्रीभूमिकेचं चांदीचं पदक बापू इंगोले यांना! बापूने साडीतच वाकून ते घेतलं. प्रिन्सिपॉलसाहेब स्टेजच्या पुढे आले. "मुलींना स्टेजवर आणा, असं काही तरुण मंडळी म्हणतात," हे बोलताना त्यांनी माझ्या दिशेला पाहिलं. "गरजच काय? आमचा मुलगा मुलींपेक्षा चांगली मुलगी होतो!"

हॉल दणाणला. विंगमधल्या माइकजवळ वत्सला तशीच उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, बस. रडलीबिडली नाही.

*

शेवटी तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगून टाकते. मार्चमध्ये इंग्रजीच्या पेपरला माझ्या पुढचं बाक रिकामं होतं. नंबर चिकटवलेला होता, तेवढाच. आता राहिलेला किस्सा ऐका.

बक्षीस समारंभ झाल्यावर आबा स्टेजच्या पायऱ्यांपाशी आले. वत्सलाची पेटी त्यांनी आधीच टांग्यात ठेवून घेतली होती. प्रिन्सिपॉलसाहेब तिथेच होते. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. बोला ना, बोला!

साहेब बोलले. "देशमुखसाहेब, मुलगी फार शांत हो तुमची. चार वर्षांत आम्ही तिचा आवाज ऐकला नाही."

"हेच पायजे होतं आमाले," आबा समाधानाने म्हणाले. माई नुसत्या हसल्या. साहेब पाहुण्यांना चहाला घेऊन गेले.

आबांनी मला बोलावलं, कारण आई तिथे नव्हती. "बाई, तिले म्हना, टांगा उभा हाये."

वत्सला माझ्या शेजारी उभी होती, आबांपासून दोन हातांवर. मी म्हटलं, "आबा, वत्सला म्हणते…"

वत्सलाने माझ्या दंडावर हात ठेवून मला थांबवलं. मान वर केली आणि विंगमधल्या त्याच आवाजात, पण नाटकातलं एक वाक्यही न घेता, ती बोलली.

"आबा, मी आज येत नाई. दोन महिन्यांनं परीक्षा हाये. ते झाली, का मंग न्यायले या."

आबा दचकले. त्यांनी वत्सलाकडे पाहिलंच नाही. तिच्या डोक्यावरून त्यांची नजर स्टेजवर गेली. तिथे बापू इंगोले उभा होता, अंगावर अजून तीच साडी, गळ्याला मफलर, हातात पदक.

आबांनी त्याला दोन्ही हात जोडले.

"बाबू, नाटक सरलं नं? लय चांगलं केलं तुवा. पण आता बापलेकीच्या मधात नोको बोलू."